दहा भागांपैकी बर्फ किती?

पावसाळ्यात भोरहून वरंध घाटातून महाडकडे गाडी नेणाऱ्याला वेग किती ठेवायचा हे रस्त्यावरच्या पाटीवरून कळत नाही. धुकं किती खाली आलंय, कुठल्या वळणावर दरड सुटलीय, हातात जीप आहे की भरलेला ट्रक, टायर कधीचे, हे सगळं धरून तो वेग ठरवतो. काही दिवशी उत्तर एकच असतं, आज जायचं नाही. बर्फाने झाकलेल्या समुद्रात जहाजाचा वेग असाच ठरतो. समुद्रावर मात्र या अंदाजाला आता आकड्यांची शिस्त लागली आहे. ती शिस्त काय आहे आणि कुठे अपुरी पडते, हे आमच्या भागातल्या वाचकांना सांगावं म्हणून लिहायला बसलो.

माझा जन्म तोरण्याच्या पायथ्याचा, वेल्हे तालुक्यातला. आता त्याला राजगड तालुका म्हणतात. नोकरी मात्र समुद्रावर झाली. उमेदीची वर्षं बाल्टिक समुद्रातल्या तेलवाहू जहाजांवर गेली, आणि शेवटची कॅनडाच्या उत्तर टोकाला, बॅफिन बेटाच्या मिल्न इनलेट बंदरातून लोहखनिज आणणाऱ्या जहाजांवर. निवृत्तीनंतर भोरला राहतो. आमच्याकडची माणसं मुंबईला गेली ती माथाडीत नाहीतर गिरणीत. आता भोर, नसरापूर, वेल्हे इथली मुलं जहाजावरच्या नोकरीसाठी इंदुरीच्या तोलानी संस्थेत, लोणी काळभोरच्या मॅनेटमध्ये प्रवेश घेताना दिसतात. त्यांचे आईवडील भेटले की पगाराचं विचारतात, चाच्यांचं विचारतात. बर्फाबद्दल कुणी विचारत नाही. जगभरच्या जहाजांवर भारतीय खलाशी आणि अधिकारी आहेत, आणि त्यातली बरीच जहाजं हिवाळ्यात बर्फात शिरतात. तेव्हा हा विषय आपल्या घरापासून वाटतो तेवढा लांब नाही.

पहिली गोष्ट, समुद्रावरचा बर्फ एका जातीचा नसतो. खारं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं. सुरुवातीला पाण्यावर तेलकट तवंगासारखा थर येतो, मग दहा सेंटिमीटरपर्यंतचा नवा बर्फ. दहा ते पंधरा सेंटिमीटरचा करडा, पंधरा ते तीसचा करडा-पांढरा. तीसच्या पुढे ‘पहिल्या वर्षाचा बर्फ’ सुरू होतो, आणि त्यातही पातळ, मध्यम, जाड असे टप्पे आहेत. १२० सेंटिमीटरच्या वर गेला की जाड. उन्हाळा पार करून टिकला तो दुसऱ्या वर्षाचा, आणि त्याहून जुना तो बहुवर्षी. या क्रमाला फार महत्त्व आहे. ताज्या बर्फात खाऱ्या पाण्याचे बारीक बारीक कप्पे अडकलेले असतात, त्यामुळे तो तुलनेने मऊ असतो. वर्षामागून वर्षं ते खारं पाणी झिरपून निघून जातं आणि उरतो तो जवळजवळ गोड्या पाण्याचा, घट्ट, टणक बर्फ. एक मीटर जाडीचा कोवळा बर्फ आणि एक मीटर जाडीचा जुना बर्फ या जहाजाच्या पत्र्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. हिमनदीतून तुटून आलेला बर्फ तर जमिनीवरचा, शतकानुशतकं दाबला गेलेला. त्याचे ट्रकएवढे तुकडे जेमतेम मीटरभर पाण्यावर दिसतात, आणि लाटांच्या गर्दीत रडारला बहुतेक वेळा सापडत नाहीत.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकलो ते फिनलंडच्या आखातात. सेकंड मेट होतो. मध्यरात्रीचा वॉच, सर्चलाइटचा झोत पुढे, आणि मी फोनवर कॅप्टनना कळवलं की पुढे बर्फ आहे. ते रत्नागिरीकडचे, बोलायला कमी. वर ब्रिजवर आले आणि म्हणाले, “अरे, बर्फ आहे हे मलाही दिसतंय. कसला आहे ते सांग.”

मी गप्प.

“रंग बघ. करडा आहे का पांढरा? कडा धारदार आहेत का गोल झाल्यात? वर उंचवटे आहेत का? त्यावर बर्फ साचून गुळगुळीत झालेत का?”

“करडा-पांढरा वाटतोय, सर. मध्ये मध्ये जाड तुकडे आहेत.”

“मध्ये मध्ये म्हणजे किती? दहा भाग केलेस तर किती?”

त्या रात्री त्यांनी मला दहाचे भाग मोजायला लावले आणि पुढे सगळ्या नोकरीत तेच कामी आलं. बर्फाच्या नकाशावर प्रत्येक पट्ट्यासाठी एक अंडाकृती काढलेली असते. तिच्यात सगळ्यात वर एकूण बर्फ दहापैकी किती, त्याखाली कुठल्या जातीचा किती, त्याखाली त्याचं वय आणि मग तुकड्यांचा आकार, असे आकडे लिहिलेले असतात. कॅनडाची बर्फसेवा असे नकाशे रोज काढते. पण नकाशा काही तासांपूर्वीचा असतो आणि वारा तेवढ्यात बर्फ हलवतो. म्हणून नकाशातले आकडे आणि खिडकीतून दिसणारं सारखं आहे का, हे वॉचवरच्या माणसाला सतत पडताळावं लागतं.

दुसरी बाजू जहाजाची. बर्फासाठी बांधलेल्या जहाजाचा पाण्याच्या पातळीजवळचा पत्रा जाड असतो, आतल्या बरगड्या जवळजवळ असतात, प्रोपेलर आणि सुकाणू मजबूत असतं. किती मजबूत, यावरून वर्ग ठरतो. बाल्टिकमध्ये फिनलंड आणि स्वीडनचे वर्ग चालतात: सगळ्यात वर वन-ए सुपर, मग वन-ए, वन-बी, वन-सी. ध्रुवीय समुद्रांसाठी पीसी-१ ते पीसी-७ असे सात वर्ग आहेत. पीसी-१ वर्षभर कुठल्याही बर्फात जाऊ शकतं. पीसी-७ उन्हाळ्यात आणि शरदात, पहिल्या वर्षाच्या पातळ बर्फात. कुठलाच वर्ग नसलेली जहाजं तर जगात बहुसंख्य आहेत.

आता हिशेबाकडे येतो, कारण सगळा मुद्दा तिथे आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ध्रुवीय संहिता १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. अमुक जहाजाला अमुक बर्फात जाता येईल का, हे ठरवण्याची काहीतरी पद्धत प्रत्येक ध्रुवीय जहाजाकडे हवी असं ती सांगते. त्यासाठी संघटनेने २०१६ मध्ये ‘पोलारिस’ नावाच्या पद्धतीची मार्गदर्शक सूचना काढली. तिच्यामागे कॅनडाचा आणि रशियाचा कित्येक वर्षांचा अनुभव आहे. पद्धत इतकी साधी आहे की आठवीतली मुलगी कागदावर करू शकेल. एका तक्त्यात उभ्या बाजूला जहाजांचे वर्ग आणि आडव्या बाजूला बर्फाच्या जाती. प्रत्येक चौकटीत एक आकडा, अधिक ३ पासून उणे ८ पर्यंत. अधिक म्हणजे हा बर्फ या जहाजाला झेपतो, उणे म्हणजे झेपत नाही. समोरच्या समुद्राचे दहा भाग करायचे, ज्या जातीचे जितके भाग तितक्यांनी त्या आकड्याला गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची.

मुलांना शिकवताना मी एक उदाहरण घेतो. समजा, दहापैकी एक भाग मोकळं पाणी आहे, चार भाग तीस ते पन्नास सेंटिमीटरचा पातळ बर्फ आणि पाच भाग एक मीटरच्या वरचा मध्यम बर्फ. या पाण्यासमोर तीन जहाजं उभी करू. पहिलं पीसी-५ वर्गाचं. त्याचे आकडे अनुक्रमे ३, २ आणि १. म्हणजे ३ अधिक ८ अधिक ५, बेरीज १६. हे जहाज नेहमीच्या सावधगिरीने जाऊ शकतं. दुसरं बाल्टिकचं वन-ए. त्याचे आकडे ३, १ आणि उणे २. म्हणजे ३ अधिक ४ वजा १०, बेरीज उणे ३. तिसरं वर्ग नसलेलं साधं मालवाहू जहाज. आकडे ३, उणे २, उणे ५. म्हणजे ३ वजा ८ वजा २५, बेरीज उणे ३०. समुद्र तोच, दिवस तोच. एकासाठी वाट आहे, दुसऱ्यासाठी धोक्याची सूचना, आणि तिसऱ्याने तिथून तोंड फिरवावं.

बेरीज शून्य किंवा वर असेल तर नेहमीचं काम चालू. शून्याच्या खाली, पण उणे दहापर्यंत असेल तर पीसी वर्गाच्या जहाजांना वेगाची मर्यादा सुचवलेली आहे. पीसी-१ ला ११ नॉट, पीसी-२ ला ८, पीसी-३ ते पीसी-५ ला ५, आणि पीसी-६ व पीसी-७ ला फक्त ३ नॉट. तीन नॉट म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. नसरापूरच्या रस्त्यावर झपाझप चालणारा माणूस याहून फार मागे राहणार नाही. बाल्टिकच्या वर्गांना आणि वर्ग नसलेल्या जहाजांना ही सवलतच नाही. शून्याच्या खाली गेलं की त्यांच्यासाठी तो प्रसंग विशेष काळजीचा ठरतो. असं पाणी टाळूनच मार्ग आखायचा, आणि अनपेक्षित समोर आलंच तर वेग कमी करून, दिशा बदलून, जहाजाच्या नियमपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे बाहेर पडायचं. आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडत वाट काढणारं जहाज, पुढे चालत असेल तर बेरजेत दहा मिळवता येतात. आपलं उणे ३ चं वन-ए जहाज अशाने अधिक ७ वर येतं. मात्र इथे पाहायची गोष्ट म्हणजे रुंदी. फिनलंडच्या आखातावरच्या प्रिमोर्स्क या रशियन बंदरातून तेल उचलणारी मोठी टँकर चाळीस मीटरहून रुंद असतात, आणि फिनलंडचा उर्होसारखा आइसब्रेकर चोवीस मीटरच्या आसपास. त्याने फोडलेल्या वाटेत टँकरच्या दोन्ही खांद्यांना अखंड बर्फ लागतो. म्हणून तिथे मोठ्या टँकरसाठी दोन आइसब्रेकर लागतात. एवढं साधं गणित विसरून ‘आइसब्रेकर आहे ना पुढे’ म्हणत निश्चिंत झालेले अधिकारी मी पाहिले आहेत, आणि त्याचा मला राग येतो.

वेगावर एवढा भर का? कारण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. दहा नॉटवर बसणारा धक्का पाच नॉटच्या चौपट. बर्फात पहिल्यांदा शिरताना म्हणूनच अगदी हळू, कडेला काटकोनात तोंड लावून जायचं, जहाजाचं नाक आत गेलं की मगच इंजिनाची ताकद वाढवायची. टायटॅनिकला १४ एप्रिल १९१२ रोजी हिमनगांच्या सूचना बिनतारी संदेशांनी मिळाल्या होत्या, तरी ती बावीस नॉटच्या आसपास धावत होती.

पण फक्त हळू जा म्हणणं हाही अर्धा सल्ला आहे. बर्फात फार हळू गेलं की जहाज अडकतं, आणि अडकलेलं जहाज सुरक्षित नसतं. वारा बर्फाला एका बाजूने लोटू लागला की तुकडे एकमेकांवर चढतात, दाब वाढतो, मागची वाट मिटते. मार्च २०१० मध्ये स्टॉकहोमजवळ असंच झालं. जोराच्या वाऱ्याने बर्फ दाबला गेला आणि पन्नासएक जहाजं रुतली, त्यात अमोरेला ही भरलेली प्रवासी फेरीही होती. पुढच्याच हिवाळ्यात, २०११ मध्ये, फिनलंडच्या आखातात इतकी कोंडी झाली की रशियाने वायगाच हा अणुशक्तीवर चालणारा आइसब्रेकर तिथे आणला. ताफ्यात चालताना आणखी एक धोका असतो. पुढचं जहाज बर्फात अचानक थांबतं, मागचं फोडलेल्या वाटेत धावत असतं. अंतर फार ठेवलं तर मधली वाट मिटते, कमी ठेवलं तर टक्कर. त्यामुळे आइसब्रेकर सांगेल ते अंतर, सांगेल तो वेग, आणि हात कायम इंजिनाच्या खटक्यावर. खाली इंजिनरूममधल्या लोकांचंही विसरू नये. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात. त्या तोंडात बर्फाचा लगदा बसला की इंजिन तापतं आणि बंद पडतं. मागे जायची वेळ आली तर आधी सुकाणू मध्यावर आणायचं, नाहीतर मागचा बर्फ ते वाकवतो. असल्या गोष्टी पोलारिसच्या बेरजेत कुठेच येत नाहीत.

आपल्या देशाचा बर्फाशी संबंध मुरगाव बंदरातून सुरू होतो. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण पोलरसर्कल या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने तिथून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरले. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर त्या अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. त्यांचं जहाज फिनपोलारिस, तेही परदेशी. आज या मोहिमा वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्रातून आखल्या जातात. मैत्री हे ठाणं १९८९ पासून, भारती २०१२ पासून चालू आहे, आणि हवामान खात्याची माणसं तिथे असतात. पण चार दशकांनंतरही जहाज भाड्याचंच. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने नॉर्वेच्या कॉन्ग्सबर्गशी ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सामंजस्य करार केला आहे. ते जहाज लवकर तयार व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण भाड्याच्या जहाजावर आपले शास्त्रज्ञ जातात, पण ब्रिजवर उभं राहून बर्फ वाचायला शिकणारे आपले अधिकारी तयार होत नाहीत.

मॅग्डालेना ओल्डेनडॉर्फ हे जहाज आपल्या मोहिमांसाठीही वापरलं गेलं होतं. २००२ च्या जूनमध्ये, म्हणजे दक्षिणेच्या ऐन हिवाळ्यात, रशियन शास्त्रज्ञांना परत नेताना ते अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकलं. जहाजावर १०७ माणसं होती. दक्षिण आफ्रिकेचं अगुल्हास जहाज हेलिकॉप्टर घेऊन गेलं आणि त्यातल्या बहुतेकांना उचलून आणलं; अर्जेंटिनाचा अल्मिरान्ते इरिझार हा आइसब्रेकर मदतीला पोचला. तरी जहाजाला आणि मागे राहिलेल्या मोजक्या माणसांना हिवाळा तिथेच काढावा लागला. जहाज बर्फासाठीच बांधलेलं होतं, पण ऋतू उलटला होता.

आकड्यांची मर्यादा सगळ्यात स्पष्ट दिसते ती एक्सप्लोरर या पर्यटक जहाजाच्या गोष्टीत. १९६९ मध्ये बर्फासाठीच बांधलेलं, अंटार्क्टिकात पर्यटक नेण्यात नाव कमावलेलं जहाज. २३ नोव्हेंबर २००७ च्या पहाटेआधीच्या अंधारात ते साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फात शिरलं, पत्रा फाटला, आणि त्याच दिवशी बुडालं. १५४ माणसं लाइफबोटींत थंडीत तासन्‌तास बसली. नॉर्डनॉर्गे हे जहाज येऊन पोचलं म्हणून सगळी वाचली. जहाजावर लायबेरियाचं निशाण असल्यामुळे चौकशी त्या देशाने केली, आणि ठपका ठेवला तो बर्फ ओळखण्यातल्या चुकीवर. कॅप्टनचा अनुभव बाल्टिकचा. समोरचा बर्फ पहिल्या वर्षाचा आहे असं त्याला वाटलं. तो त्याहून कितीतरी टणक निघाला. तेव्हा पोलारिस नव्हतं. पण असतं तरी त्या समजुतीने मांडलेली बेरीज अधिकच आली असती. तक्ता बरोबर असतो. त्यात कुठल्या रकान्यात बोट ठेवायचं हे डोळ्यांनी ठरवावं लागतं. अंधारात, धुक्यात, अनोळखी पाण्यात शंका आली तर एक जात वाईट धरून हिशेब करावा, ही माझी जन्मभराची सवय. मालवाहतुकीचं वेळापत्रक सांभाळणारी मंडळी किनाऱ्यावरून फोन करतात, जहाज उशिरा पोचलं तर काय होईल ते सांगतात. अशा वेळी कागदावर मांडलेली उणे बेरीज कॅप्टनच्या फार कामाची असते. ‘मला वाटतं’ यावर किनाऱ्यावरचा माणूस वाद घालतो. नोंदवहीत वेळ टाकून लिहिलेल्या हिशेबावर घालता येत नाही. पोलारिसचा सगळ्यात मोठा उपयोग माझ्या मते हाच आहे.

भोर-वेल्ह्याच्या ज्या घरांतली मुलं जहाजावर आहेत किंवा जाणार आहेत, त्यांना माझं सांगणं आहे. ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या जहाजावर नेमणूक मिळाली तर सही करण्याआधी विचारा: जहाजाचा बर्फवर्ग कुठला, त्याच्याकडे ध्रुवीय जहाजाचं प्रमाणपत्र आहे का, आणि जहाजावर ध्रुवीय पाण्यातल्या कामाची नियमपुस्तिका आहे का. अशा जहाजांवरच्या अधिकाऱ्यांसाठी ध्रुवीय पाण्याचं वेगळं प्रशिक्षण १ जुलै २०१८ पासून ठरवून दिलेलं आहे. ते घेतल्याशिवाय जाऊ नका. आणि वॉचवर उभे असाल तेव्हा दहाचे भाग स्वतःच्या डोळ्यांनी मोजा, बेरीज नोंदवहीत लिहा, आणि ती शून्याच्या खाली आली तर कॅप्टनना उठवा, रात्रीचे कितीही वाजले असोत.